तिसऱ्या कपाटातले शब्द

रेकॉर्ड रूममध्ये चार कपाटं आणि चार माणसं होती, आणि इतक्या वर्षांच्या सहवासानंतर कोण कोणाला सांभाळतंय हे सांगणं अवघड झालं होतं. इस्पितळातल्या पेशंटांच्या फायली आडनावाच्या इंग्रजी अक्षराप्रमाणे लावलेल्या असत. ए ते एफ पहिल्या कपाटात, जी ते एल दुसऱ्यात, एम ते आर तिसऱ्यात आणि उरलेलं सगळं चौथ्यात. माणसांनाही मग कपाटांचीच नावं पडली. पहिले म्हणजे निवृत्तीला चार महिने उरलेले, बोलण्याआधी घसा साफ करणारे आणि पुष्कळदा तेवढंच करून थांबणारे गृहस्थ. दुसऱ्या कपाटावर एक बाई होत्या. त्यांना दुसऱ्या म्हणायची कोणाची छाती नव्हती, म्हणून त्या नुसत्या बाई. चौथे चाळिशीतले, अंगानं दांडगे. एका डॉक्टरांना त्यांनी सगळ्यांसारखं रांगेत उभं केलं होतं आणि त्याबद्दल मेमो मिळवला होता. आणि तिसरे म्हणजे आपले तिसरे. कानावर पेन्सिल, खिशात चिठ्ठ्यांचं पॅड आणि घरी चपला भिंतीला समांतर नसतील तर घास न उतरणारा माणूस.

या खोलीचा कायदा एकच होता. दुसऱ्याच्या कपाटाला चिठ्ठीशिवाय हात लावायचा नाही. काय हवं, कशासाठी हवं आणि परत कधी मिळणार, एवढं चिठ्ठीवर लिहायचं, कपाटवाल्याची सही घ्यायची आणि मगच फाईल उचलायची. फाईल डोळ्यांसमोर असली, कपाट उघडं असलं, खिडकीशी डॉक्टर पाय आपटत असले तरी आधी चिठ्ठी. त्यामुळे अकरा वर्षांत या खोलीतून एकही फाईल हरवली नव्हती. उशीर भरपूर झाला होता, पण त्याची नोंद ठेवायला रजिस्टर नव्हतं.

अशा खोलीवर फाईल हरवल्याचा ठपका आला. मोठ्या सर्जननी तक्रार केली की त्यांच्या एका जुन्या पेशंटची फाईल दोन वर्षांपासून मागूनही मिळत नाही. फाईल तिसऱ्या कपाटातली होती. तिसऱ्यांनी रजिस्टर काढून पाहिलं, तर ती दोन वर्षांपूर्वी खुद्द सर्जननीच सही करून नेलेली. त्यांनी तसा लेखी खुलासा केला. पण खुलासा योग्य मार्गानं पाठवायचा असतो आणि योग्य मार्ग सर्जनच्याच ऑफिसमधून जात होता. तो तिथे गेला आणि तिथेच राहिला. त्याआधी दर महिन्याला एक याप्रमाणे पाठवलेली चोवीस स्मरणपत्रंही तिथेच होती, म्हणजे त्याला सोबत चांगली होती.

नव्या अधीक्षक मॅडमपुढे फक्त तक्रार पोचली. त्यांनी परिपत्रक काढलं. रेकॉर्ड रूमला आता एक हेड नेमायचा. त्याला कामापुरतं इंग्रजी यायला हवं, कारण सगळं काम लवकरच कॉम्प्युटरवर जाणार. खोलीतलं कोणी मुलाखतीत पास झालं तर उत्तम. नाहीतर हेड बाहेरून येईल आणि सध्याच्या चौघांना चार वेगवेगळ्या इमारतींत सामावून घेतलं जाईल. परिपत्रकासोबत चारशे उपयुक्त इंग्रजी शब्दांची अर्थासकट एक पुस्तिका होती. विभागाला एकच प्रत.

एक प्रत आणि चार माणसं म्हटल्यावर दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात झेरॉक्स काढली गेली असती. इथे कोणाच्या मनातसुद्धा ते आलं नाही. पहिल्यांनी पुस्तिकेच्या पिना उपसल्या, पट्टी ठेवून एफ संपतो तिथे कागद फाडला, मग एल संपतो तिथे, मग आर. ज्याचं अक्षर त्याचे शब्द. प्रत्येकानं आपापली पानं आपापल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि सगळ्यांना काम मार्गी लागल्याचं समाधान वाटलं.

आठवडाभरात त्याचे परिणाम दिसू लागले. पहिल्यांच्या वाट्याला अबँडन, कॅलॅमिटी, डिके, डिस्पेअर, फटीग असे शब्द आले होते. म्हणजे टाकून देणं, आपत्ती, सडणं, निराशा आणि थकवा. आधीच चार महिने उरलेला माणूस, तो आणखी खचला. उलट बाईंना ग्रेसफुल, जेनरस, हार्मनी, जुबिलंट मिळाले. डौलदार, उदार, एकोपा, आनंदानं बेभान. त्या फायली झटकतानाही गुणगुणू लागल्या. चौथ्यांना सगळ्यात जास्त शब्द एसचे मिळाले आणि सर्वांत शेवटी झील, म्हणजे तळमळीचा उत्साह. तेवढा एक शब्द त्यांना इतका आवडला की मधले त्यांनी घाईघाईनंच पाठ केले.

तिसऱ्यांची पद्धत वेगळी होती. नुसता अर्थ त्यांच्या डोक्यात टिकेना. फाईलमध्ये कागद असावा तसा प्रत्येक शब्दात एकेक ओळखीचा नमुना घातला तेव्हाच तो जागेवर बसू लागला. बायको शाळेत गणित शिकवायची. संध्याकाळी वह्या तपासता तपासता ती त्यांची उजळणी घ्यायची.

"रिलक्टंट?"

"तुझा भाऊ. आपल्याकडे यायचं म्हटलं की."

"ऑब्स्टिनेट?"

"बाई. हट्टाला पेटल्या की."

"ऑब्लिव्हिअस?"

"मोठे सर्जन."

"अहो, मी अर्थ विचारतेय, माणूस नाही."

"अर्थ आहेच की आत. ज्याला कशाचं भान नाही असा. वरचं नाव वाचलं की आतलं सापडतं."

तिनं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. प्रुडंटमध्ये कोण आहे, असं तिनं सहज विचारलं. प्रुडंट म्हणजे धोरणी, विचारानं वागणारा. तिसरे म्हणाले, तू. त्यावर तिनं पुढची वही ओढली, पण त्या मुलाला दोन मार्क जास्त पडले.

मुलाखत सोमवारी होती. शुक्रवारी दुपारी दुसरं परिपत्रक आलं. विभागातून एकच उमेदवार यावा, त्याच्या नोकरीची किमान पाच वर्षं शिल्लक असावीत आणि त्याच्या नावावर मेमो नसावा. पहिल्यांचे चार महिने उरले होते, बाईंची अडीच वर्षं, चौथ्यांचा मेमो फ्रेम करून लावण्यासारखा होता. राहिले तिसरे. त्यांना एम ते आर येत होतं. चारशेपैकी एकशे एक शब्द.

पहिल्यांनी घसा साफ केला आणि या खेपेला तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि आपली पानं टेबलावर ठेवली. "न्या," ते म्हणाले. "मला आता कुठे वापरायचेत."

तिसऱ्यांनी पॅड काढून आधी चिठ्ठी लिहिली. शब्द एकशे तीस, पाठांतरासाठी, परत सोमवारी संध्याकाळी. पहिल्यांनी ती डोळे पुसून वाचली आणि सही केली. चौथ्यांनी तर न वाचताच सही ठोकली. बाईंनी मात्र चिठ्ठी उजेडात धरली.

"हे पाठ करायला देतेय बरं का, तिसरे," त्या म्हणाल्या. "वापरायचे असतील तर वेगळी चिठ्ठी लागेल."

चौथे खो खो हसले. पहिल्यांनाही हसू फुटलं. बाईंनी थट्टा केली होती हे खोलीतल्या चारपैकी तीन माणसांना कळलं.

शनिवार आणि रविवार तिघंही तिसऱ्यांच्या घरी सकाळपासून हजर होते. पहिल्यांनी डी शिकवताना सुस्कारे सोडले, बाईंनी हार्मनी सांगताना चौथ्यांशी भांडण उकरून काढलं. चौथ्यांनी ट्रान्स्परंटचा अर्थ आरपार दिसणारा, असा सांगत खिडकीच्या काचेवर बोट ठेवलं, तेव्हा ती काच कधी पुसली होती याची चौकशी बायकोनं केली. तिसरे एकेका शब्दात नमुना घालत होते. बायकोनं सगळ्यांचं जेवण केलं आणि मधूनच पानांवरचा एखादा शब्द विचारला. रविवारी चार वाजता तिनं ओळीनं पन्नास विचारले. सेहेचाळीस बरोबर आले. उरलेले चार कुठल्या कपाटातले यावरून पाहुण्यांमध्ये जुंपली.

सोमवारी अकराला तिसरे मुलाखतीच्या खोलीत शिरले. बाहेरच्या बाकावर बाकीचे तिघं बसले. आत लांब टेबलामागे अधीक्षक मॅडम, त्यांच्या शेजारी मोठे सर्जन आणि कोपऱ्यात लिहून घेणारे आस्थापनेचे कारकून. सर्जनना पाहून तिसऱ्यांनी बसण्याआधी खुर्ची टेबलाला समांतर केली तेव्हा जरा बरं वाटलं.

मॅडमनी सोप्यानं सुरुवात केली. मेटिक्युलस म्हणजे काय? तिसऱ्यांनी एका दमात सांगितलं, बारीकसारीक गोष्टीही काटेकोरपणे पाहणारा. मॅडमनी मान डोलावली आणि डिलिजंट विचारला.

तिसऱ्यांना डिलिजंट चांगला येत होता. त्यात पहिलेच होते, शिडीवर चढून वरच्या खणातल्या फायली पुसणारे. पण डी पहिल्यांचा. आणि शब्द पाठांतरासाठी आणले होते, वापरायला नाही. बाईंचे शब्द त्यांच्या कानात अगदी स्पष्ट होते. त्यांनी खिशातून पॅड काढलं, लिहिलं, "एक मिनिट हं," म्हणून उठले आणि दार किलकिलं करून चिठ्ठी बाहेर दिली.

बाहेर पहिल्यांनी ती वाचली. डिलिजंट, एक नग, मुलाखतीसाठी, परत पाच मिनिटांत. आत काय चाललंय हे त्यांना कळेना, पण चिठ्ठी कळली. चिठ्ठी आली की सही करायची हे अकरा वर्षांचं वळण होतं. त्यांनी सही करून ती परत आत सरकवली. तिसरे जागेवर येऊन बसले आणि म्हणाले, "मन लावून, न कंटाळता काम करणारा."

मॅडमना वाटलं, माणूस घाबरला असेल, दाराशी जाऊन मोकळी हवा घेऊन आला. त्यांनी हार्मनी विचारला. तिसरे पुन्हा उठले. बाहेर बाईंनी चिठ्ठी पाहून कपाळावर हात मारला, शेजारच्या दोघांना आपल्या शुक्रवारच्या थट्टेची आठवण दिली आणि सही करून दिली, कारण चिठ्ठी बिनचूक होती. तिसऱ्यांनी एकोपा, सुसंवाद असा अर्थ सांगितला. मग ट्रान्स्परंटला चौथ्यांची सही आली. एव्हाना सर्जनच्या भुवया केसांना टेकल्या होत्या.

"मॅडम, हे सरळ सरळ कॉपी करतायत," ते म्हणाले. "बाहेर माणसं बसवलीयेत. उत्तरं आत येतायत."

आस्थापनेच्या कारकुनांचं लिहिणं थांबलं. मॅडमनी हात पुढे केला. तिसऱ्यांनी तिन्ही चिठ्ठ्या कडा जुळवून टेबलावर ठेवल्या. मॅडमनी एकेक वाचली, उलटून मागची बाजू पाहिली, मग पुन्हा पुढची. अर्थ कशावरच नव्हता. शब्द, कारण, वेळ आणि सही.

"म्हणजे उत्तर तुम्हाला आधीच येत होतं?"

"हो."

"मग हे कशासाठी?"

"शब्द त्यांच्या कपाटातले आहेत, मॅडम," तिसरे म्हणाले. "येतंय म्हणून घ्यायचं, असं आमच्याकडे नाही. आमच्याकडे विचारून घेतात. परत केव्हा देणार तेही लिहून देतात."

मॅडमनी चिठ्ठ्या तशाच समोर ठेवल्या. सर्जनना मात्र हा सगळा प्रकार म्हणजे वेळकाढूपणा वाटला. त्यांनी मॅडमसमोरची पुस्तिका ओढली आणि मधलंच एक पान उघडलं. या शब्दाला तरी बाहेर जाऊ नका, अशी तंबी देऊन त्यांनी विचारलं, "ऑब्लिव्हिअस. अर्थ नको. वाक्यात उपयोग करा. इंग्रजीत."

ओ तिसऱ्यांच्या स्वतःच्या कपाटातला. चिठ्ठीचा प्रश्नच नव्हता. मुलाखतीत पहिल्यांदाच त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी डोळे मिटले, शब्दाची फाईल बाहेर काढली, उघडली आणि आत जे होतं ते वाचून दाखवलं.

"मोठे सर्जन सर इज ऑब्लिव्हिअस दॅट फाईल इज विथ हिम सिन्स टू इयर्स."

डोळे उघडल्यावर त्यांना समोर तीन चेहरे दिसले आणि आपण काय केलं ते कळलं. चार इमारती नजरेपुढे आल्या. पहिल्यांना शेवटचे चार महिने मेस स्टोअरमध्ये बटाटे मोजायला लागतील, बाई कुठल्या तरी तळघरात जातील आणि चौथ्यांना दुसरा मेमो मिळेल. माफी मागावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण माफीचा एकही इंग्रजी शब्द त्यांना स्वतःच्या कपाटात सापडेना. अपॉलॉजी पहिल्यांकडे होता, सॉरी चौथ्यांकडे.

"व्याकरण सोडा," मॅडम सावकाश म्हणाल्या. "हे उदाहरण आहे की माहिती?"

"माहिती," तिसरे म्हणाले. आता जे व्हायचं ते होवो. "सरांची सही रजिस्टरला आहे. चोवीस स्मरणपत्रंही पाठवलीत. सगळ्यांचे जावक क्रमांक आहेत."

सर्जन ताडकन म्हणाले की त्यांच्याकडे कसलीही फाईल नाही. मॅडमनी त्यांचा मान राखत विचारलं, तुमच्या सिस्टरना फोन करून बघू का. सर्जन म्हणाले, अवश्य करा. मॅडमनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तिकडून सिस्टर म्हणाल्या की थांबा, बघते. खणांचे आवाज आले, कपाटाचा आला, मग बराच वेळ काहीच आलं नाही.

"मिळाली, मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "टेबलफॅनखाली होती. सरांनीच ठेवलीय, फॅन हलतो म्हणून. तिच्याखाली पाकिटं पण आहेत बरीच. फोडलेली नाहीत. मोजू का?"

"चोवीस असतील," तिसरे नकळत म्हणाले.

"आणि एक खुलासा," दाराबाहेरून बाईंचा आवाज आला.

मोठे सर्जन काही वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत राहिले. त्या हातांनी त्यांनी शेकडो माणसं वाचवली होती आणि एक फाईल पंख्याखाली सरकवली होती. यातली दुसरी गोष्ट त्यांना खरोखरच आठवत नव्हती. मग त्यांच्या खांद्यांना हलकासा झटका बसला, आणखी एक बसला, आणि तो खोकला नसून हसणं आहे हे सगळ्यांच्या उशिरा लक्षात आलं.

"शब्दाचा अर्थ बरोबर आहे, मॅडम," ते म्हणाले. "याच्याहून चांगलं उदाहरण पुस्तिकेतही नाही." मग तिसऱ्यांकडे वळून, "फाईल परत करायला मला काय भरावं लागेल?"

"काही नाही, सर. परत करणाऱ्याला चिठ्ठी नसते. नुसतं आणून द्यायचं."

मॅडमनी त्यानंतर शब्द विचारलेच नाहीत. त्यांनी दार पूर्ण उघडायला सांगितलं आणि बाहेरच्या तिघांना आत बोलावलं. या चिठ्ठ्या किती वर्षांपासून चालू आहेत, जुन्या ठेवल्यात का, कॉम्प्युटरवर हीच पद्धत तशीच नेता येईल का, अशी चौकशी सुरू झाली. पहिल्यांनी घसा साफ केला आणि चक्क अर्धा तास बोलले. निघताना मॅडमनी इस्पितळातल्या बाकीच्या विभागांत गेल्या वर्षी किती फायली हरवल्या ते सांगितलं आणि चौथ्यांनी तो आकडा पुन्हा एकदा सांगायची विनंती केली. कानांना बरं वाटलं म्हणून.

आदेश बुधवारी आला. कोणाचीही बदली नाही. तिसरे हेड. पहिल्यांकडे निवृत्तीपर्यंत सगळ्या विभागांना चिठ्ठी कशी लिहायची ते शिकवायचं काम. वर्गाला ते घरून नवा शर्ट घालून येऊ लागले आणि त्यांचे सुस्कारे थांबले. सर्जन पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत बसले. रांगेत, याची चौथ्यांनी खास नोंद घेतली.

त्या बुधवारी दुपारी शिपायानं दारावर लावायची नवी पाटी आणून दिली. पाटीवर मोठ्या अक्षरांत हेड असं लिहिलेलं होतं. ती हातात घेऊन तिसरे जागच्या जागी उभे राहिले. चौथे खिळा आणि हातोडी घेऊन तयारच होते. लावू का, त्यांनी विचारलं. तिसऱ्यांनी मान हलवून थांबायला सांगितलं, कानावरची पेन्सिल काढली, पॅडवर काहीतरी लिहिलं आणि चिठ्ठी बाईंच्या टेबलावर ठेवली.

बाईंनी ती उजेडात धरली. शब्द: हेड. कारण: पाटीसाठी व रोजच्या वापरासाठी. परत करण्याची तारीख म्हणून तिसऱ्यांनी आपल्या निवृत्तीचा दिवस लिहिला होता. अकरा वर्षं, दोन महिन्यांनंतरचा.

"त्या दिवशी कपाटावर मी नसेन," बाई म्हणाल्या.

"जी कोणी असेल तिला आणून देईन."

बाईंनी पुन्हा एकदा चिठ्ठी वाचली. चूक कुठेच नव्हती. त्यांनी सही केली, मग थोडा विचार करून सहीखाली लिहिलं, "जपून वापरावा," आणि चौथ्यांना म्हणाल्या, "आता ठोका खिळा."